समुद्रकथा आणि किनारा नसलेला वाचक

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या एका मौखिक परीक्षेत घडलेला प्रसंग आरंभीच नोंदवावासा वाटतो. आवडते लेखक कोणते, या ठरावीक प्रश्नाला कंधार तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने ‘ज्यूल व्हर्न आणि स्टीव्हन्सन’ असे उत्तर दिले. मंडळातील एका सदस्यांनी हसून, ‘ते लहानपणी झाले, गंभीर असे काय वाचले?’ असे विचारले. विद्यार्थी क्षणभर थांबला आणि त्याने ‘कोसला’चे नाव घेतले. पुढची दहा मिनिटे तो ‘कोसला’विषयी बोलला ते सारे वर्गातल्या टिपणांतले होते. पहिल्या उत्तराच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले होते ते नंतर दिसले नाही. प्रस्तुत लेखकही त्या मंडळावर होता आणि तो काही बोलला नाही. त्याचे स्वतःचे वाचनही याच पुस्तकांनी सुरू झाले होते, हे येथे सांगायला हवे. प्राध्यापकी पत्करल्यावर त्याने ते सांगणे हळूहळू सोडून दिले होते.

अभिरुचीच्या या लज्जेला मराठी समीक्षेत मोठी पूर्वपीठिका आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला, तेव्हाच तत्कालीन कादंबरीतील अद्भुताविषयीची नापसंती मराठीत स्पष्टपणे मांडली गेली. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या. त्यांतील पहिली वास्तवाभिमुख, दुसरी रंजनाकडे झुकलेली आणि तिसरी इतिहासाश्रयी. हे वर्गीकरण आमच्या वर्गांतून इतके रुजले आहे की साहसकथा वा समुद्रकथा म्हटली की विद्यार्थी ती विचार न करता ‘मुक्तामाले’च्या खात्यावर मांडतो. वर्गीकरणाचा हा दोष नाही. आम्ही ते मूल्यमापनाच्या जागी वापरतो, हा आमचा दोष आहे. एखाद्या कृतीची प्रवृत्ती कोणती, हे समजल्याने तिच्या वाचकाने तिचे काय केले, हे समजत नाही.

रंजनाच्या आरोपामागे एक गृहीतक असते. वाचकाच्या भोवतालाशी जी कृती मिळतीजुळती असेल ती त्याला जीवनाकडे नेते आणि जी दूरची असेल ती त्याला जीवनापासून पळवते, असे ते गृहीतक. नांदेडपासून मुंबईचा किनारा रस्त्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर आहे. तेथल्या, किंवा त्याहूनही कोरड्या अशा लातूर जिल्ह्यातल्या मुलाने शीड, वादळ आणि खजिन्याच्या बेटावर जीव टाकावा, हे या गृहीतकानुसार पलायनाचे ढळढळीत उदाहरण ठरेल. प्रस्तुत लेखात या उदाहरणाकडेच थोडे जवळून पाहायचे आहे.

दूरच्या आणि जवळच्या अनुभवाचा हा वाद इंग्रजीत एका प्रसिद्ध देवाणघेवाणीत झालेला आहे. हेन्री जेम्स यांनी १८८४ मधल्या ‘द आर्ट ऑफ फिक्शन’ या निबंधात ‘ट्रेझर आयलंड’चे कौतुक केले, परंतु आपण मूल होतो, खजिन्याच्या शोधात मात्र कधी गेलो नाही, म्हणून त्या कथेला अनुभवाच्या कसोटीवर ताडून पाहता येत नाही, असा त्यांचा आशय होता. स्टीव्हन्सन यांनी त्याच वर्षी ‘अ हम्बल रिमॉन्स्ट्रन्स’ लिहून उत्तर दिले, की जो खजिना शोधायला गेला नाही तो कधी मूलच नव्हता. उत्तर चटपटीत आहे आणि ते बरोबरही आहे. तरी स्टीव्हन्सन येथे जेम्सच्या मैदानावरच खेळतात, असे मला वाटते. वाचकाला पूर्वानुभव हवा ही अट ते मान्य करतात. फक्त तो अनुभव मुलाच्या खेळात होता, असे म्हणतात. आमच्याकडच्या वाचकाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. त्याने समुद्रकथेत आणलेला अनुभव खेळातला नाही, शेतातला आणि पाण्याच्या रांगेतला आहे.

पण त्याआधी समुद्र हा शब्द आमच्या वाचकाकडे कोणत्या वाटेने येतो, ते पाहिले पाहिजे. तो पुस्तकातून येत नाही, कीर्तनातून येतो. संतवाङ्मयाचा फार मोठा भाग ज्या गोदाकाठाने घडवला तो काठ समुद्रापासून दूर आहे आणि त्या वाङ्मयात समुद्र सर्वत्र आहे: भवसागर आहे, नद्यांनी भरूनही मर्यादा न सोडणारा सागर आहे, पैलतीरी नेणारे तारू आहे. या समुद्राला पाणी नाही, मीठ नाही, त्यावर कोणाचे पोट चालत नाही. तो ओलांडायचा असतो. मराठवाड्याने आपल्या जलाशयांनाही हाच शब्द दिला. पैठणच्या जायकवाडीचा नाथसागर, नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा शंकरसागर. धरणाच्या भिंतीवर उभे राहून पलीकडचा काठ न दिसणे, एवढाच आमच्याकडच्या बहुतेकांचा सागराचा दृश्य अनुभव. तेव्हा समुद्रकथा हाती आली की पहिल्यांदा घडते ते असे, की रूपक असलेला समुद्र एक ठिकाण होतो. तेथे माणसे कामाला आहेत, त्यांना पगार ठरलेला आहे, त्यांच्यात कुरबुरी आहेत आणि त्यांना भूक लागते. पारलौकिकाकडे नेणारा एक शब्द या पुस्तकांनी ऐहिकात उतरवला. ज्या कथांना आपण अद्भुत म्हणून बाजूला सारतो, त्यांनी या वाचकाच्या मनात केलेले हे काम अद्भुताच्या नेमके उलटे आहे.

मराठीत या उतरणीची सुरुवात बहुधा सिंदबादने केली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या. सिंदबादच्या सात सफरींविषयी सर्वांना माहीत असते. त्या सफरी कोणाला सांगितल्या जातात, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. बगदादमध्ये ओझे वाहणारा एक हमाल उन्हाने थकून एका श्रीमंताच्या दाराशी टेकतो आणि आपल्या व त्याच्या नशिबातील अंतराविषयी मोठ्याने बोलतो. घरधनी त्याला आत बोलावतो, जेवू घालतो आणि एकेक सफर सांगतो. हमाल प्रत्येक वेळी शंभर मोहरा घेऊन परततो व दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. म्हणजे जहाजावर पाय न ठेवलेला, पाठीवर पोती वाहणारा श्रोता या वाङ्मयप्रकाराच्या रचनेतच बसवलेला आहे. सफरी सांगायचे कारणही तोच आहे, कारण त्याच्या तक्रारीला उत्तर म्हणून त्या सांगितल्या जातात. लातूरच्या आडत बाजारात तुरीची पोती उतरवणाऱ्या बापाचा मुलगा सिंदबाद वाचतो तेव्हा तो कथेबाहेरचा उपरा वाचक नसतो. त्याची जागा कथेत आधीच राखून ठेवलेली आहे. अर्थात त्या कथेचे उत्तर, की धनिकाची संपत्ती कष्टाने मिळालेली आहे, हमालाने जसे मान्य केले तसे या मुलाने करावेच असे नाही.

आता शब्दांविषयी. वोल्फगांग आयझर यांनी वाचनप्रक्रियेचे विवेचन करताना संहितेतील रिक्त जागांचा विचार मांडला; वाचक त्या भरतो आणि त्या भरण्यातून अर्थ घडतो. मराठी समुद्रकथेच्या बाबतीत रिक्त जागांइतकाच महत्त्वाचा प्रकार म्हणजे आधीच भरलेल्या जागा. ‘कप्तानाने नांगर टाकण्याचा हुकूम दिला’ अशा अर्थाचे वाक्य औसा किंवा निलंगा तालुक्यातला मुलगा वाचतो, तेव्हा त्याच्यापुढे लाकडी वा लोखंडी नांगर उभा राहतो. पाण्यात तो कशाला टाकावा, हे त्याला कळत नाही. प्रस्तुत लेखकाने बरीच पाने असा समज करून घेतला होता, की जहाजे बेटावर शेती करायला निघालेली असावीत आणि अवजारे आधी उतरवली जात असावीत. भाषेच्या दृष्टीने येथे दोन भिन्न शब्द एका उच्चारात मिळालेले आहेत. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’कडून आला, जहाजाच्या नांगराचे फारसी ‘लंगर’शी असलेले नाते उघड आहे. आणि ‘लंगर’ म्हटले की नांदेडकराच्या मनात जहाज येतच नाही. सचखंड श्री हजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यातील पंगत येते. जुन्या पिढीत, १९४८ पूर्वी निजामी राज्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांतून शिकलेल्यांना लंगराचा जहाजी अर्थ ठाऊक असे. पुढच्या पिढीकडून उर्दू गेली आणि तो अर्थही गेला. ‘नाळ’ म्हणजे गलबताचा पुढचा भाग हे कोकणात सांगावे लागत नाही. आमच्याकडे नाळ पुरतात किंवा बैलाच्या खुरांना ठोकतात. ‘भरती’ म्हणजे पोलिसांची.

या गैरसमजांना उणीव मानण्याची आपली सवय आहे. शिक्षक तळटीप देतो आणि पुढे जातो. माझे निरीक्षण वेगळे आहे. तळटिपेने शब्द कळतो, परंतु पहिली प्रतिमा पुसली जात नाही. ती दुसरीच्या शेजारी राहते. नांगर हे मातीत रुतणारे, ओढल्याने अधिक रुतणारे, जड आणि धरून ठेवणारे काही आहे, हे ज्याने औत हाकले आहे त्याला कळते. जहाजाच्या नांगराची क्रियाही तळाच्या मातीत फाळ रुतण्याचीच आहे. किनाऱ्यावरच्या वाचकाला जे पाहून ठाऊक असते ते या वाचकाला हाताने ठाऊक असते. याउस यांच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना आपण एका काळातील एका वाचकवर्गाला एकच क्षितिज लावून वापरतो, पुणे-मुंबईचा मराठी वाचक आणि उदगीरचा मराठी वाचक यांचे क्षितिज एक मानतो. एकाच वाक्यातील एकच शब्द दोघांपुढे दोन वेगळ्या वस्तू ठेवतो, हे एकदा दिसल्यावर मराठी वाचकाविषयीची आपली बरीच विधाने जपून करावी लागतील.

या दृष्टीने सर्वांत फलदायी पुस्तक ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) हे आहे. ती समुद्रकथा म्हणून प्रसिद्ध असली तरी तिचा फार मोठा भाग कोरडवाहू शेतीचा आहे. जहाज फुटल्यावर क्रूसो ताफे करून जे वाचवून आणतो त्यात सुताराची पेटी असते, बंदुका व दारू असते. पण नांगर नसतो, कुदळ नसते. कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीतला भुसा तो झटकून टाकतो आणि पाऊस पडून गेल्यावर तेथे सातूचे कोंब दिसतात. प्रथम तो याला ईश्वरी चमत्कार समजतो. मग त्याला पिशवी आठवते. ओंब्या जपून ठेवून तो पुढे पेरणी करतो, पण काही बियाणे शिल्लक राखून, कारण हंगामाविषयी त्याला खात्री नसते. पेरल्यावर कोरडे महिने लागतात आणि काहीही उगवत नाही. राखून ठेवलेले बी तो पुढच्या पावसाआधी पेरतो, तेव्हा पीक येते. त्या बेटावर ओले आणि कोरडे असे दोन दोन हंगाम आहेत, हे त्याला या फसलेल्या पेरणीमुळे समजते. स्वतः पिकवलेला दाणा तोंडात घालायला त्याला चौथे वर्ष उजाडते. ज्या प्रदेशात मृगाच्या पेरणीनंतर पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीसाठी बियाणे कोठून आणायचे ही घराघरांतली चिंता असते, तेथल्या वाचकाला या पानांत कोणते पलायन सापडणार? एका भाकरीमागे किती कामे असतात, याची क्रूसोने केलेली मोजणी इंग्लंडमधल्या वाचकाला कदाचित नवलाची वाटली असेल. आमच्या वाचकाला ती तपासता येते आणि तो ती तपासतोही. क्रूसोने पाखरांपासून पीक राखण्यासाठी मेलेली पाखरे टांगली, हे वाचून माझ्या वर्गातल्या एकाने, ‘सर, हे आमच्याकडे अजून करतात,’ असे सांगितले होते.

याच कादंबरीत भूकंप आहे, हे बहुतेकांच्या स्मरणात नसते. सातूचे कोंब दिसल्यानंतर थोड्याच दिवसांत बेट हादरते; क्रूसोच्या गुहेवरचा भाग ढासळतो. त्यानंतर छताखाली झोपावे तर गाडले जाण्याचे भय, उघड्यावर झोपावे तर श्वापदांचे भय, अशा पेचात तो कित्येक दिवस काढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा प्रस्तुत लेखक शाळकरी वयाचा होता. पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये, कोठूनतरी आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात, क्रूसोची एक संक्षिप्त मराठी आवृत्ती त्याच्या हाती लागली. त्या आवृत्तीत भूकंपाला जेमतेम एक पान होते. घर पडल्यानंतर ढिगाऱ्यातून काय काय निघाले याची यादी आमच्या घरी अनेक दिवस तोंडी चालू होती: दोन घागरी, पाटा, शिलाई यंत्राचे पाते, सातबाराचा कागद. फुटलेल्या जहाजातून क्रूसोने काय काय आणले, याची यादी त्या पुस्तकात होती. दोन्ही याद्यांचा सूर सारखाच होता. त्या वर्षी मी ते पुस्तक किती वेळा वाचले, ते सांगता येणार नाही.

हा वैयक्तिक अनुभव येथे दिला तो सहानुभूतीसाठी नाही. अशा वेळी मुलाला ‘वास्तववादी’ कादंबरी हवी असते, असे आपण शिक्षक मानतो. ती त्याला त्याचे दुःख परत दाखवते. यादी करणारे पुस्तक त्याला दुःख न दाखवता पुढचे काम दाखवते. दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी असते आणि वाचक ती आपल्यापेक्षा चांगली ओळखतो.

यादीनंतर येतो हिशेब, आणि समुद्रकथेतला खरा हिशेब गोड्या पाण्याचा असतो. जहाजावरची पिंपे किती, माणसे किती, प्रत्येकाच्या वाट्याला काय, हे गणित कथेच्या तळाशी सतत चालू असते. ‘ट्रेझर आयलंड’मधील ज्या लाकडी गढीवरून पुढचा सारा संघर्ष होतो, ती डॉक्टर लिव्हसीला आवडते ते तिच्या भिंतींमुळे नाही, तिच्या आत स्वच्छ पाण्याचा झरा आहे म्हणून. जहाजावर शस्त्रे, दारूगोळा, खाणेपिणे सारे असते. पाण्याचा विचार तेवढा राहून गेलेला असतो. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याजवळ होडीच्या पुढच्या टोकाशी पाण्याची एक बाटली असते, आणि त्याचा पुढचा सारा पराक्रम त्या बाटलीच्या मर्यादेत घडतो. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू करावी लागली होती. त्या उन्हाळ्यात लातूरच्या वसतिगृहात राहिलेल्या विद्यार्थ्याला झऱ्याभोवतीची गढी समजावून द्यावी लागत नाही. खारे पाणी त्याने पाहिलेले नसते, परंतु चोहोकडे जे आहे ते पिता येत नाही आणि जे पिता येते ते मोजून घ्यावे लागते, हे त्याला ठाऊक असते. समुद्र आणि दुष्काळ यांच्यात समान असे हे एकच आहे, आणि समुद्रकथेचा कणाही तेच आहे.

मग मराठीत स्वतंत्रपणे लिहिल्या गेलेल्या समुद्रकथांचे काय? येथे माझे मत काहीसे प्रतिकूल आहे. नाथमाधवांची ‘सावळ्या तांडेल’ ही आरमारी पार्श्वभूमीची कादंबरी आणि गो. नी. दांडेकरांची शिवकालावरील मालिकेतील ‘दर्याभवानी’, ही ठळक नावे. नाथमाधव शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून कंबरेखाली पंगू झाले आणि अंथरुणावरच्या वाचनातून कादंबरीलेखनाकडे वळले. ज्याचे चालणे थांबले त्याने इतकी धावपळ लिहावी, याचा विचार त्यांच्या वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केला पाहिजे. दांडेकरांना तर डोंगरवाटांची आणि बोलींची जाण अव्वल दर्जाची. तरीही या परंपरेत समुद्र प्रामुख्याने स्वराज्याच्या सीमेसारखा येतो. तेथे निशाण फडकते, शत्रू हरतो. पाण्याचे पिंप मात्र क्वचितच दिसते. ही ‘मोचनगडा’ची प्रवृत्ती पाण्यावर गेलेली आहे, आणि गड बदलून गलबत आले तरी माणसांचे आपापसांतील नाते तेच राहते. कोकणातल्या कादंबरीत समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला असतो. मराठी समुद्रकथेला खरा आधार भाषांतरांनी दिला. भा. रा. भागवत यांचे व्हर्नवरून केलेले ‘समुद्रसैतान’ असो की पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेला दिलेले मराठी रूप, ‘एका कोळियाने’. या शीर्षकात शाळेतल्या पाठ्यपुस्तकातला जाळे विणणारा कोळी आणि समुद्रावरचा कोळी एकाच शब्दात आलेले आहेत. नांगराच्या बाबतीत आमच्या वाचकाकडून जे अजाणता झाले ते येथे भाषांतरकाराने जाणूनबुजून केले. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आणि सायकलवरचा. मराठी मुलाचे साहस जमिनीवर राहिले ते त्यांच्यामुळे, आणि ते ठीकच झाले. पण समुद्रावर जायचे तर मराठी वाचक परक्या जहाजातून गेला.

परके जहाज, म्हणून त्यावरील उतारूंच्या क्रमाचा प्रश्न टाळता येत नाही. मार्टिन ग्रीन यांनी ‘ड्रीम्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर, डीड्स ऑफ एम्पायर’ (१९७९) या ग्रंथात साहसकथा ही साम्राज्याला ऊर्जा देणारी मिथककथा कशी होती, ते दाखवले. क्रूसो फ्रायडेला नाव देतो, ‘मालक’ म्हणायला शिकवतो. आणि बेटावर येण्यापूर्वी तो गुलाम आणण्याच्याच सफरीवर निघालेला होता. हे वर्गात सांगितले पाहिजे आणि मी सांगतो. परंतु येथेही वाचकाला कमी लेखू नये. क्रूसोच्या पेरणीशी समरस झालेला विद्यार्थी फ्रायडे येताच अनेकदा बाजू बदलतो. सालगड्याने मालकाला काय म्हणावे, हा प्रश्न त्याच्या घरात कालपरवापर्यंत होता, कित्येक घरांत आजही आहे. पूर्वार्धात क्रूसो आणि उत्तरार्धात फ्रायडे होऊन वाचणे, ही विसंगती मला दोष वाटत नाही. व्हर्नच्या बाबतीत तर गंमतच आहे. कप्तान निमो पोलिश असावा, ही लेखकाची मूळ कल्पना. रशियातील विक्रीवर परिणाम होईल म्हणून प्रकाशक एत्झेल यांनी ती नाकारली. पहिल्या पुस्तकात निमोचा देश गुप्तच राहिला. ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७४-७५) तो बुंदेलखंडातील राजपुत्र डाकर, १८५७ च्या उठावात लढून सारे गमावलेला, म्हणून प्रकट झाला. बारा हजार ग्रंथ घेऊन समुद्राखाली राहणारा हा भारतीय स्वतःला अखेरपर्यंत दडपलेल्यांच्या देशाचा रहिवासी मानतो आणि सिंहलद्वीपाजवळच्या एका गरीब मोती काढणाऱ्याला शार्कच्या तोंडून सोडवतो. एका प्रकाशकाच्या व्यापारी नकारातून हा नायक आपल्याकडे आला. त्या परीक्षेतल्या विद्यार्थ्याला निमोविषयी विचारले असते तर पलायनवादावरची चर्चा कितीतरी वेगळी झाली असती.

वास्तववादी परंपरेशी तुलना केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. लातूर जिल्ह्यातीलच रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही आमच्या प्रदेशाची श्रेष्ठ कादंबरी आहे, याविषयी मला शंका नाही. गावातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत पार्वतीच्या तोंडून ती ज्या संयमाने सांगते, तसा संयम मराठीत विरळा. परंतु या परंपरेने एक गोष्ट आमच्या मनावर नकळत बिंबवली. काम हे हानीच्या बाजूला पडले. शिवणयंत्र आले की ते बंद पडणार, बैल आला की तो विकला जाणार, विहीर आली की ती आटणार, अशी वाचनाची सवय झाली. हे खोटे नाही. तरी काम चांगले जमण्यात एक सुख असते, कसबाचा अभिमान असतो, आणि तो ज्याचे घर मोडते आहे त्यालाही असतो. वादळात शीड कोणत्या क्षणी उतरवायचे हे जाणणाऱ्या तांडेलाचे सुख आणि ओल पाहून तिफण कधी धरायची हे जाणणाऱ्याचे सुख एकाच जातीचे आहे. पहिल्याचे वर्णन पानोपानी करणारे वाङ्मय आपण मुलांचे ठरवले आणि दुसऱ्याचे वर्णन करणारे वाङ्मय पुरेसे लिहिलेच नाही. आमचा वाचक समुद्रावर गेला तो काही अंशी या दुसऱ्या वाङ्मयाच्या शोधात गेला असावा, असे मला वाटते.

एक अडचण उरते. या जहाजांवर बायका नाहीत. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिताना स्टीव्हन्सनने त्या जाणूनबुजून वगळल्या. जिमची आई तेवढी आरंभी येते आणि किनाऱ्यावरच राहते. वर्गात अर्ध्याहून अधिक मुली असताना हे पुस्तक कसे शिकवावे, हा प्रश्न मी बरीच वर्षे टाळत आलो. दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात जिमच्या आईवरच लिहिले. चाचे घराकडे येत आहेत, पळायला हवे. तरी ती मेलेल्या खलाशाच्या पेटीतून फक्त आपले येणे तेवढेच घेईन म्हणून नाणी मोजत बसते. पेटीत देशोदेशींची नाणी आहेत आणि तिला हिशेब फक्त गिन्यांचा करता येतो, म्हणून वेळ लागतो. विद्यार्थिनीने लिहिले होते, की पुस्तकातले सगळे पुरुष सगळा खजिना मागतात. नेमके देणे किती, हे मोजणारी ही एकटीच आहे. आणि पुढे कंसात तिने आपल्या आईच्या बचत गटाच्या वहीचा उल्लेख केला होता.